गेले तीन, आले चार

१

मी संस्थांचे इतिहास लिहितो. माणसांचा इतिहास लिहायला विद्वान लागतो, संस्थेचा लिहायला निवृत्त माणूस पुरतो. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे माझी मान कायमची जराशी खाली झुकलेली आहे, आणि झुकलेल्या मानेचा माणूस पदाधिकाऱ्यांना फार आवडतो. आजवर मी एका बँकेची, पाणीपुरवठा खात्याची आणि चष्मेविक्रेत्यांच्या संघटनेची अशा तीन स्मरणिका केल्या. चष्मेवाल्यांच्या स्मरणिकेत सतरा चुका राहिल्या होत्या. एकाही चष्मेवाल्याला त्या दिसल्या नाहीत.

गोल्फ क्लबचं काम मला मेहुण्यानं दिलं. मेहुणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ. छप्पन्न वर्षांचा झाला तरी सगळे त्याला ‘धाकटा’च म्हणतात. तो क्लबचा सेक्रेटरी. एका रविवारी घरी आला आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, “भाऊजी, आमच्या क्लबला साठ वर्षं होतायत. इतिहास तुम्ही लिहायचा.”

“अरे, मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही.”

“उत्तम! ज्यांना कळतं ते खेळतात. लिहीत कोण बसतो?”

बायको आतून म्हणाली, “घ्या हो ते काम. पंख्याकडे बघत किती दिवस काढणार?”

तर दुसऱ्या दिवसापासून मी रोज दहाला क्लबच्या कमिटी रूममध्ये जाऊन बसू लागलो. लांबलचक टेबल, त्यावर हिरवं कापड, भिंतीवर तीन संस्थापकांच्या तसबिरी. तिघंही असे बघत होते, जणू मी त्यांच्या खुर्चीत बसलोय. एका कोपऱ्यात वह्यांचं कपाट. खिडकीतून मैदानाची सुरुवात दिसे, आणि तिथली लाकडी टपरी. टपरीत मामा बसत. मामा म्हणजे क्लबचे स्टार्टर. कोण कधी खेळायला निघालं, कधी परत आलं, हे वहीत लिहायचं आणि शिट्टी वाजवून पुढच्यांना सोडायचं, हे त्यांचं काम. खिडकीतून आधी चेंडूचा ‘टक्’ असा आवाज येई, मग बराच वेळ काही नाही, मग शिट्टी. त्या ‘टक्’ आणि शिट्टीच्या मध्ये मला छान डुलकी लागायची.

खेळाबद्दल मला एवढंच समजलं होतं की आपणच लांब मारायचं आणि आपणच शोधायला जायचं.

२

स्मरणिकेत एक तरी तक्ता लागतो. तक्ता असला की वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्यानं कष्ट घेतलेत. पाणीपुरवठ्याच्या वेळी मी नळांचा तक्ता दिला होता. इथे म्हटलं, साठ वर्षांत किती जण खेळले त्याचा देऊ.

मामांच्या वह्या कपाटात वर्षवार लावलेल्या होत्या. एकोणसाठ भरलेल्या, साठावी टपरीत चालू. प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडे ‘गेले’, त्याखाली खेळाडूंची नावं आणि संख्या. उजवीकडे ‘आले’, त्याखाली नुसती संख्या. पहिल्या दिवशी मी एक वही घरी नेली, तर बायकोनं उघडून ‘गेले’खालची नावं वाचली आणि म्हणाली, “अगंबाई, एका दिवसात इतके?”

बेरजा करायला घेतल्या. पहिल्या वर्षी गेले चारशे अकरा, आले चारशे बारा.

आता माझं गणित कच्चं आहे हे मी स्वतःहून कबूल करतो. शाळेत मला बेरीज तोंडी यायची, पण ती माझ्याच तोंडी. म्हणून पुन्हा केली. फूटपट्टी ठेवून ओळीओळीनं केली. चारशे अकरा, चारशे बारा. दुसरं वर्ष घेतलं. एकानं जास्त. तिसरं, एकानं जास्त. संध्याकाळपर्यंत अकरा वह्या झाल्या, आणि अकराही वर्षी क्लबात गेले त्यापेक्षा एक माणूस जास्त आला होता.

चूक शोधणं हा माझा धंदा. अकराव्या वहीत ती जागा सापडली. एका गुरुवारी दुपारी डावीकडे तीन नावं होती, ‘गेले: ३’. त्यासमोर, शांतपणे, वळणदार अक्षरात, ‘आले: ४’.

खाडाखोड नव्हती, प्रश्नचिन्ह नव्हतं. मी मुद्रितशोधक आहे. घाईत लिहिलेला आकडा आणि बघून लिहिलेला आकडा मला वेगळा ओळखता येतो. हा बघून लिहिलेला होता.

३

पुढच्या आठवड्यात एकोणसाठही वह्या झाल्या. एकोणसाठ गुरुवार सापडले. दर वर्षी एकदा, दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास, तीन गेले आणि चार आले. मामांच्या आधी दोन स्टार्टर होऊन गेले होते. तिघांचीही हस्ताक्षरं निराळी, चूक एकच. एकाच चुकीवर तीन माणसं साठ वर्षं कशी टिकतील? छापखान्यात टिकतात, पण तिथे आम्ही एकमेकांचं बघून करायचो.

मग मी सभांची इतिवृत्तं काढली. सहाव्या वर्षीच्या सभेत हे सापडलं:

‘विषय क्र. ४. खेळून परत येणाऱ्या जादा सद्गृहस्थांबाबत. सदर सद्गृहस्थ कोठून आले याविषयी साधकबाधक चर्चा झाली. त्यांचा पोशाख नियमानुसार असल्याने व त्यांनी कोणासही त्रास न दिल्याने विषय निकाली काढण्यात आला.’

नवव्या वर्षी:

‘ठराव क्र. २. परत येणाऱ्यांस चहा देण्यात यावा. विचारपूस करू नये.’

आणि चौदाव्या वर्षी, कोणा एका सभासदानं हरकत घेतल्यावर:

‘हरकत घेणारे सभासद स्वतः कोणत्या वर्षी आले, अशी पृच्छा अध्यक्षांनी केली. हरकत मागे घेण्यात आली.’

हे वाचून मी हसलो. मोठ्यानं हसलो. रिकाम्या खोलीत आपलं हसणं आपल्याकडे परत येतं, आणि येताना त्यातला विनोद तिकडेच ठेवून येतं. तसबिरीतले तिघं बघतच होते. तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात खेळून आलेल्यांचे बूट खडखडले. माझ्याही नकळत मी पावलं मोजायला लागलो होतो.

ही खोड मग जडलीच. बाजारात भाजीच्या रांगेत मी माणसं मोजायचो. बसमधून किती उतरले, किती चढले. घरी शिरताना दारातल्या चपलांचे जोड. बायको म्हणाली, “शिरगणतीचं काम घेतलंत की काय?”

४

मामांना विचारायला मी दोन केळी घेऊन गेलो. मामांचं वय सत्तर, टपरीत बसून बसून टपरीच्याच रंगाचे झालेले. केळं सोलत त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “एक जास्त येतो.”

“कोण?”

“ते मी कसं सांगू? मला समोर दिसतील तेवढे मी लिहितो. चार दिसले, चार लिहिले.”

“अहो मामा, पण निघताना तीनच होते ना? मग चौथा अनोळखी असणार. कळतं की!”

मामांनी केळ्याचं साल नीट घडी घालून बाजूला ठेवलं. “तीच तर गंमत आहे. अनोळखी नसतो. चौघंही ओळखीचे. चौघंही गप्पा मारत येतात, ‘काय मामा, गुडघा कसा आहे’ विचारतात. मीही चौघांना नावानं हाक मारतो. रात्री आडवा झालो की आठवतं, अरे, सकाळपर्यंत यांतल्या एकाला मी ओळखत नव्हतो. मग कोणता, ते काही आठवत नाही. सगळेच वीस वर्षांचे ओळखीचे वाटतात.”

“आणि तुम्हाला भीती नाही वाटत?”

“पहिल्या वर्षी वाटली. नोकरी सोडायची म्हणून साहेबांकडे गेलो. कोणत्या साहेबांकडे जायचं तेच ठरेना. कोण आधीचा, कोण नंतरचा!” मामा खुदकन हसले. “मग म्हटलं, जाऊ दे. माणसं वाईट नाहीत. उलट जरा जास्तच चांगली. आमच्या मुलीच्या ऑपरेशनला दाताच्या डॉक्टरांनी रात्रभर धावपळ केली.”

“हे होतं कधी?”

“सातव्या होलजवळचं गवत कमरेला लागलं की. तिकडे खोलगट आहे, इथून दिसत नाही. गवत कापायच्या आदल्या आठवड्यातला गुरुवार.” त्यांनी दुसरं केळं उचललं आणि मैदानाकडे पाहिलं. “यंदाचा व्हायचाय. अजून मांडीलाच आहे.”

५

मी घरी जाऊन स्वतःशी नीट बोललो. म्हटलं, बाबा रे, तू शिकलेला माणूस. याला सरळ कारण असणार. वाटेत कुणीतरी सभासद भेटत असेल आणि सोबत परत येत असेल, बस्स. मला इतकं बरं वाटलं की मी जेवताना दोनदा वाढून घेतलं.

सकाळी मी सभासद-अर्जांची फाईल मागवली. कुंपणाच्या आतला माणूस आधी कुठूनतरी आत यायला हवा. त्याचा अर्ज हवा, शिफारस हवी, सही हवी.

शिपायानं जाडजूड फाईल आणून ठेवली. वर ठळक अक्षरात ‘प्रवेश अर्ज’. उघडली. आत कोऱ्या अर्जांचा गठ्ठा होता, छापखान्यातून आला तसाच, दोरीसुद्धा न सोडलेला. भरलेला अर्ज एकही नाही. साठ वर्षांत एकाही माणसानं या क्लबात प्रवेश मागितला नव्हता.

मग मी एका कागदावर हिशेब मांडला. संस्थापक तीन. त्यात एकोणसाठ मिळवले, बासष्ट. त्यातून वारलेले अठ्ठावीस गेले. उरले चौतीस.

भिंतीवर सध्याच्या सभासदांची यादी होती. बोट ठेवून मोजली. चौतीस.

त्यात दाताचे डॉक्टर होते. माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली होती, आणि त्या वेळी माझ्या तोंडात कोपरापर्यंत गेलेला तो हात कुठून आला होता हे कुणालाच माहीत नाही, या विचारानं मला पाणी प्यावं लागलं. वकील होते. माझ्या घराचे कागद त्यांच्याकडे आहेत. आणि शेवटून सहावं नाव सेक्रेटरीचं, म्हणजे धाकट्याचं.

मी कपाटाकडे गेलो. नाव शोधायला फार वेळ लागला नाही. सदतिसाव्या वहीत ते कुठेच नाही. अडतिसाव्या वहीतही अर्ध्यापर्यंत नाही. मग एक गुरुवार, ‘गेले: ३, आले: ४’. आणि शुक्रवारी सकाळी आठ वाजता ‘गेले’च्या रकान्यात पहिलं नाव माझ्या मेहुण्याचं, जणू तो रोजच खेळत होता.

त्याला बावीस वर्षं झाली होती. आमच्या लग्नाला पस्तीस.

६

बायको दुपारी बटाटे सोलत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “धाकटा लहानपणी कसा होता गं?”

“कसा म्हणजे? धाकटा होता.”

“एखादी आठवण सांग ना.”

“एकदा त्यानं आईचा आरसा फोडला...” ती थांबली. “नाही, तो मी फोडला होता. एकदा तो तापानं फणफणला होता... नाही. तेही मीच.” तिनं सुरी खाली ठेवली. “आज हे काय मध्येच?”

मी अल्बम काढला. पहिलाच फोटो तिच्या माहेरच्या पायऱ्यांवरचा. आई, वडील आणि मधे दोन वेण्या घातलेली सहा वर्षांची ती.

“यात धाकटा कुठाय?”

“हा फोटो त्यानंच काढलाय.”

“दोन वर्षांचा असताना?”

“लहानपणापासून हुशारच आहे तो.”

मी पान उलटलं. शाळेचा फोटो, सहलीचा फोटो, मावशीच्या अंगणातला. प्रत्येक वेळी ती म्हणाली, “तोच काढत होता.” आमच्या लग्नाचा मोठा फोटो आला. सत्तावन्न माणसं. मी मोजलेली. त्यात तो नाही. मलाही चांगलं आठवत होतं की लग्नात त्यानं माझ्या बुटांवरून मला छळलं होतं. पण फोटोत माझ्या पायात चपला आहेत.

“हाही त्यानंच?” मी विचारलं.

 ती पदरानं फोटोवरची धूळ पुसू लागली. धूळ नव्हती.  माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “बाबांचं आजारपण आठवतं? वीस वर्षं झाली. नऊ महिने अंथरुणावर होते. त्यांना उचलून बसवायचं, आंघोळ घालायची, रात्र रात्र जागायचं, हे कुणी केलं? तुम्ही छापखान्यात मुद्रितं तपासत होतात. तो करत होता.”

“मी कुठे नाही म्हणतोय?”

“मग कुठून आला, ते मला विचारू नका. आला ना?” तिनं अल्बम मिटला, कपाटात ठेवला आणि पुन्हा सुरी हातात घेतली. “आणि त्याच्यासमोर यातलं एक अक्षर काढलंत, तर उद्यापासून तुमचा डबा तुम्ही करायचा.”

७

अक्षर मी काढलंच नाही. त्यानंच काढलं. दुसऱ्या दिवशी तो कमिटी रूममध्ये आला, माझ्या समोरची खुर्ची ओढून बसला आणि टेबलावर पडलेल्या अडतिसाव्या वहीकडे बघत राहिला.

“भाऊजी, तक्ता गाळा ना.”

“कोणता?” मी उगाचच विचारलं.

“मला माहीत आहे, तुम्हाला काय सापडलंय.” एरवी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. “एक विचारू? तुम्हाला माझी पहिली आठवण कोणती?”

“लग्नातली. तू माझे बूट लपवलेस.”

“तुम्ही बूट घातले होते?”

मी वही स्वतःकडे ओढून घेतली.

“मलाही सगळं आठवतं हो,” तो म्हणाला. “ताईच्या दोन वेण्या आठवतात. आईचा आरसा फुटला तो आवाज आठवतो. पण सगळं बाहेरून आठवतं. फोटो काढणाऱ्याला दिसतं ना, तसं. मी त्या घरात जेवतोय, मला कुणी मारतंय, मला लागलंय, असं काही नाही. मी नुसता समोर उभा आहे आणि ते सगळे माझ्याकडे बघून हसतायत.”

त्याचे डोळे भरून आले होते. पस्तीस वर्षं, किंवा बावीस, मी या माणसाशी पंख्याच्या वेगावरून आणि चहातल्या साखरेवरून भांडत आलो. त्या क्षणी मला त्याची इतकी दया आली की भीती वाटायची राहून गेली.

“वेडा आहेस का तू?” मी म्हणालो. “लहानपण कुणाला नीट आठवतं? मला तर कालचं आठवत नाही.”

त्यानं नाक पुसलं, थोडा हसला. “परवा गुरुवार आहे. मी, डॉक्टर आणि वकील जाणार आहोत. तिघं लागतात, आणि यंदा आमची पाळी. तुम्हाला बघायचं असेल तर सहाव्याच्या पाण्याच्या टाकीमागे बसा. पण जवळ येऊ नका.”

“का?”

“आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटलं की त्याला अवघडल्यासारखं होतं,” धाकटा म्हणाला. “मला झालं असणार.”

८

गुरुवारी मी पूर्ण तयारीनं गेलो. खिशात चिठ्ठी, त्यावर माझ्या हातची तीन नावं: डॉक्टर, वकील, धाकटा. नंतर डोक्यात काहीही आठवू लागलं, तरी कागद खोटं बोलणार नाही. गळ्यात क्लबात कुणीतरी विसरलेली दुर्बीण. तीन वाजता मी टाकीमागे जाऊन बसलो. खाली खोलगटात सातव्याचं गवत कमरेला लागलं होतं, आणि त्याच्या पलीकडे कुंपणाची उंच भिंत. कुठून कुणी यायला वाट नव्हती. हे मी दोनदा तपासलं.

तिघं आले. डॉक्टर निळ्या सदऱ्यात, वकील पांढऱ्या, धाकटा पिवळ्या. धाकट्यानं चेंडू मारला तो बरोबर गवतात. मुद्दाम मारला असेल, तर तेवढाच एक फटका त्याच्या आयुष्यात मनासारखा बसला. तिघं गवतात शिरले आणि शोधायला वाकले. गुडघेदुखीवर बोलत होते, उगाचच मोठ्यानं. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर माणसं बोलतात, तसं.

दुर्बिणीत तीन पाठी होत्या. निळी, पांढरी, पिवळी. भिंगावर घाम उतरला. मी ते सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं.

चार पाठी होत्या. चौथी तपकिरी.

तो आला असं मला म्हणता येणार नाही. तो तिथे वाकलेलाच होता, आणि आता उभा राहत होता. उभा राहताना आधी जरा जास्तच उंच झाला. बाकी तिघांच्या खांद्यांवरून वर गेला, थांबला, अंदाज घेतल्यासारखं केलं आणि बेतानं खाली आला. तिघांपैकी एकानंही त्याच्याकडे पाहिलं नाही. कुणी कपडे बदलत असलं की सभ्य माणसं जशी दुसरीकडे बघतात, तसे डॉक्टर आभाळाकडे बघत होते, वकील भिंतीकडे, आणि धाकटा स्वतःच्या बुटांकडे. गुडघेदुखी चालूच होती.

त्यानं पहिलं पाऊल टाकलं ते दोन्ही पायांनी एकदम. दुसरं बरं पडलं. तिसऱ्याला तो वळला.

वळला, आणि पुढूनही पाठच होती. मानेवरचे केस, कॉलरची शिवण, सगळं तसंच. माझ्या तोंडातून काहीतरी निघालं असावं, कारण ती पाठ माझ्याकडे वळून थांबली. मी डोळे मिटले. मिटून उघडायला लागतो तेवढाच वेळ.

उघडले तर खालून दादा हात हलवत होता.

माझा थोरला भाऊ. त्यानं मला सायकल शिकवली. त्याचे सदरे लहान करून मला व्हायचे. वडील रागावले की तो माझ्यापुढे उभा राहायचा. सगळं एकदम, भरभरून आठवलं, आणि त्याच वेळी, तितक्याच स्पष्टपणे, मला हेही ठाऊक होतं की मी एकुलता एक आहे. सुट्टीच्या दुपारी रिकाम्या घरात बुद्धिबळ मांडून दोन्ही बाजूंनी मीच खेळायचो. उठून पलीकडे जायचं, चाल करायची, परत यायचं. ती खोली मला आताही दिसत होती. फक्त आता पटापलीकडे दादा बसला होता, आणि मी हरत होतो.

“काय रे,” त्यानं खालून हाक मारली, “एवढ्या उन्हात टोपी नाही घातलीस?”

९

चौघं आणि मागे मी असे आम्ही टपरीपर्यंत आलो. वाटेत वकील दादाला त्यांच्या एका जुन्या खटल्याबद्दल सांगत होते, आणि दादा ‘तेव्हा मी म्हटलं नव्हतं?’ म्हणत होता. धाकटा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “भाऊजी, दादा येणार आहेत हे बोलला नाहीत ते!” त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता. त्याला काहीही आठवत नव्हतं.

माझ्याकडे मात्र चिठ्ठी होती. खिशात हात घालून मी ती चाचपली.

मामांनी वही उघडली. ‘गेले: ३’. पेन्सिल उजव्या रकान्यावर आणली आणि थांबले. इतक्या वर्षांत मामांनी कधी कुणाला विचारलं नसेल, पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“किती लिहू?”

मी तीन म्हणू शकत होतो. म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. दादा पाठमोरा उभा राहून चहा घेत होता. त्याचे खांदे किंचित वर गेले होते. सगळे बोलत होते, तो मात्र ऐकत होता.

“दिसतायत तेवढे लिहा,” मी म्हणालो. “चार.”

खांदे खाली आले. पुढे महिन्याभरानं स्मरणिका छापून आली. तिच्यात तक्ता नाही, मैदानावरच्या झाडांची यादी आहे. लोकांना ती आवडली. चिठ्ठी मी त्याच दुपारी चहाच्या कपात भिजवून टाकली.

मग आम्ही दोघं घरी निघालो. दादा म्हणाला, चालतच जाऊ. रस्ताभर तो मला माझ्या लहानपणातल्या गोष्टी सांगत होता, आणि तो सांगेल तशा त्या मला आठवत होत्या. मोठ्या चौकात आलो तेव्हा रहदारी फार होती. त्यानं माझा हात धरला, थोरल्या भावानं धरावा तसा, घट्ट. चार वाजताच्या कोरड्या उन्हात तो हात ओला होता. बोटांना गवताची पाती चिकटली होती, आणि आतली हाडं अजून आपापली जागा शोधत हळूहळू सरकत होती.

मी हात सोडला नाही. समोरून मोटारी येत होत्या, आणि दादाला अजून रस्ता ओलांडायचा सराव नव्हता.